जिवंत मुद्देमाल

कायद्यापुढं सगळे सारखे असतात. हे वाक्य चौकीत हवालदाराच्या खुर्चीमागच्या भिंतीवर रंगवलेलं होतं, म्हणजे त्याच्याखेरीज सगळ्यांना दिसेल असं. चौकीच्या दारासमोर रस्त्यात एक खड्डा होता. मोटारवाले त्याच्यावरून जात आणि सायकलवाले त्यात पडत. पण खड्डा बांधकाम खात्याचा असल्यामुळं त्याचा कायद्याशी संबंध नव्हता.

त्या वर्षी पावसानं दगा दिला. नदीची वाळू झाली. चारा संपला तसे लोक जनावरं मोकळी सोडू लागले. कुणी तोंडानं म्हणत नव्हतं, पण अर्थ असा होता, की बाई, तुझं तू बघ. जनावरं आपापलं बघत हिंडायची, आणि मालक एकमेकांची जनावरं बघत हिंडायचे. अशात एका सकाळी दूध संघाचा चेअरमन आणि शिवणकाम करणारी एक बाई, एकाच म्हशीच्या दोन बाजूंनी चौकीत आली.

चेअरमनचं म्हणणं, ही बाई माझ्या कळपातून म्हैस ओढून नेत होती आणि अडवलं तर तिनं गड्यावर कात्री उगारली. शिवणवालीचं म्हणणं, म्हैस माझी, दावं तोडून गेली ती यांच्या कळपात घुसली, यांनी बांधून ठेवली. आणि कात्री उगारली नव्हती, हातातच होती. शिवणाऱ्या माणसाच्या हातात काय लाटणं असणार?

"खुणा सांगा," हवालदार म्हणाला.

"काळी आहे," चेअरमनचा गडी म्हणाला.

"शाब्बास," शिवणवाली म्हणाली. "आणि शेपूट मागच्या बाजूला आहे, ते पण सांग."

"तुमच्या खुणा?"

"डाव्या शिंगाचा शेंडा बोथट आहे. कपाळावर चार पांढरे केस."

ते दिसतच होते. पण ते गड्यालाही दिसत होते. त्यानं लगेच तेच सांगितलं, आणि शिंग केव्हा बोथट झालं त्याची हकीकतही जोडली.

हवालदारानं मग आपली रीत काढली. गेली कित्येक वर्षं तो भांडणाच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर उभं करायचा. त्यामुळं निकाल बरोबर लागायचाच असं नाही, पण नंतर कुणी त्याला नावं ठेवायचं नाही. म्हैस मध्ये बांधली. चेअरमनच्या गड्याला एका बाजूला उभं केलं, शिवणवालीला दुसऱ्या बाजूला.

"तिथूनच हाक मारायची. जवळ यायचं नाही. मुद्देमालाला कुणी हात लावायचा नाही."

"अहो हवालदार, हात तर लावू द्या," शिवणवाली म्हणाली. "मग बघा."

"हात लावला की पुरावा बिघडतो."

गड्यानं हाक मारली. शिवणवालीनं हाक मारली. म्हशीनं दोघांकडं सारख्याच तुच्छतेनं पाहिलं आणि मग हवालदाराच्या टेबलावरचा पुठ्ठा चघळायला घेतला.

*

दुपारी मोठ्या ठाण्याहून साहेब आले. चहा झाल्यावर ते म्हणाले, "हवालदार, ती म्हैस चेअरमनला हमीवर देऊन टाका. निकाल लागेपर्यंत सांभाळेल. त्याच्याकडं गोठा आहे, चारा आहे, टाकीत पाणी आहे. त्या बाईकडं काय आहे? मशीन."

बोलणं बरोबर होतं, हीच त्यातली अडचण होती. चुकीच्या बोलण्याला नाही म्हणणं सोपं असतं.

"साहेब, त्याच्याकडं डझनावारी म्हशी आहेत. उद्या कोर्टानं म्हैस आणा म्हटलं तर तो एक काळी म्हैस आणून उभी करेल. तीच आहे की नाही, हे कोण सांगणार?"

"तुम्ही."

"मला म्हशीतलं काही कळत नाही साहेब. मला जे कळतं ते एवढंच, की अजून मालक ठरलेला नाही. जास्त ताकद असलेल्याकडं ठेवली, की मालक ठरल्यासारखंच होतं."

साहेबांनी कप खाली ठेवला. "म्हणजे देणार नाही?"

"देतो की. तुम्ही लेखी द्या, याच पावली नेऊन बांधतो."

लेखी म्हटल्यावर साहेबांना उन्हाचा त्रास होऊ लागला. ते उठले आणि जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "तपास अधिकारी तुम्ही आहात. तुमच्या अखत्यारीत जे बसेल ते करा. पण म्हैस मेली तर मुद्देमाल गहाळ केल्याचा ठपका तुमच्यावर. आणि वाळवंटाकडच्या चौकीत एक जागा रिकामी आहे, हे सहज सांगतो."

जीप खड्ड्यावरून गेली.

संध्याकाळी हवालदार म्हैस घेऊन घरी आला. घर म्हणजे चौकीच्या मागच्या दोन खोल्या. बायको दारात उभी होती.

"हे काय?"

"मुद्देमाल."

"मागच्या खेपेला मुद्देमाल म्हणून सायकल आणली होती तुम्ही. ती पाणी पीत नव्हती."

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे गं."

"कुणाचे दिवस?" बायको म्हणाली, आणि घागर घेऊन नदीकडं निघाली.

*

नदीत पाणी नव्हतं, नदीखाली होतं. वाळूत कमरेएवढा खड्डा खणायचा, आत उतरायचं, बुडाशी पाणी पाझरेपर्यंत वाट बघायची आणि वाटीनं घागरीत भरायचं. खड्ड्याची बाजू ढासळली की पुन्हा पहिल्यापासून. माणसांपुरतं पाणी आणायला बायकोची सकाळ जायची. आता म्हशीपायी दुपारही जाऊ लागली. पहिल्या दिवशी तिनं आणलेली अख्खी घागर म्हशीनं नाक बुडवून एका दमात संपवली आणि मान वर करून, बाकीचं कुठंय असं पाहिलं.

"बघा बघा. तुमच्या साहेबासारखं बघते," बायको म्हणाली.

हवालदार ड्यूटी संपली की विळा घेऊन निघायचा. नदीकाठचा वाळका लव्हाळा कापायचा, झाडांच्या फांद्या तोडायचा, भारा सायकलच्या मागं बांधायचा. भारा सायकलपेक्षा रुंद व्हायचा, मग सायकल ढकलतच आणावी लागायची. विळ्यानं त्याच्या बोटांना चिरा पडल्या. गणवेशाच्या गुडघ्याला शेणाचा डाग पडला तो धुऊनही जाईना, कारण धुवायला पाणी म्हशीकडून उरत नव्हतं. गावात लोक त्याला वाट देत, भारा मोठा असे म्हणून. पाठीमागून कुणीतरी म्हणायचं, "मुद्देमाल जेवला का हो हवालदार?" तो मागं वळायचा नाही. वळला तर भारा पडायचा.

खरी पंचाईत दुधाची झाली. म्हैस दुभती होती. धार काढली नाही तर तिला त्रास, ती रात्रंदिवस हंबरणार. काढली तर दूध कुणाचं?

"आपण पिऊ या," बायको म्हणाली. "पाणी मी आणते, चारा तुम्ही आणता. दूध काय आकाशातून पडतं?"

"मुद्देमालाचं दूध प्यायचं? उद्या वकील विचारेल, हवालदार, तुम्ही पुरावा प्यायलात का? काय सांगू?"

"सांगा, साखर कमी होती."

पण हवालदाराचा निश्चय झाला होता. म्हैस वादाची, तेव्हा दूधही वादाचं, तेव्हा दोन्ही पक्षांना अर्धं अर्धं. रोज सकाळी बायकोनं धार काढायची. तिनं जन्मात कधी धार काढली नव्हती. पहिले काही दिवस म्हैस लाथ मारायची, बायको तिला साहेबांच्या नावानं शिव्या द्यायची, आणि मग दोघींचं कसंबसं जमलं. धार झाली की दाराशी दोघं हजर असायची: चेअरमनचा गडी चकचकीत किटली घेऊन आणि शिवणवाली झाकणाचा डबा घेऊन.

गडी किटलीत बोट बुडवून चाटून पाहायचा. "पाणी घातलंय का वहिनी?"

"पाणी असतं तर आधी मी प्यायले असते," बायको म्हणायची.

*

हवालदाराला आपली व्यवस्था फार न्यायाची वाटत होती. ती होतीही. तिच्यात एवढीच खोट होती, की तिच्यामुळं भांडण संपवायचं कारण कुणालाच राहिलं नाही.

म्हैस आपल्याला मिळावी म्हणून दोघांनीही कोर्टात अर्ज दिले होते. पहिल्या तारखेला चेअरमनच्या वकिलानं मुदत मागितली. दुसऱ्या तारखेला शिवणवालीनं पोट दुखतंय म्हणून सांगितलं. चारा नको, पाणी नको, शेण काढायला नको, आणि दूध मात्र दारात मोजून मिळतंय, अशी म्हैस दोघांनाही जन्मात मिळाली नव्हती. शिवणवाली आपल्या वाट्याचं दूध विकून दोऱ्याची रिळं आणि मीठपीठ आणायची. चेअरमनला तेवढ्या दुधाची गरज नव्हती, पण ते घेणं सोडलं तर हक्क सोडल्यासारखं दिसेल म्हणून तो घ्यायचा आणि मांजराला घालायचा. कोर्टाच्या आवारात गडी आणि शिवणवाली एका झाडाखाली बसू लागली. एकदा तर तिनं त्याच्या सदऱ्याचं बटण लावून दिलं. हवालदार त्या वेळी उन्हात उभा होता.

"तुम्ही दोघं भांडता आहात ना?" त्यानं विचारलं.

"भांडतोय की," गडी म्हणाला. "पण रोज कुठं भांडायचं हो, या उन्हात."

घरी बायकोची कंबर धरली. खड्ड्यातून वर येताना तिला दोन्ही हात वाळूत रोवून, गुडघ्यावर यावं लागायचं. हवालदार म्हणाला, मी जातो पाण्याला. तो गेला. पाण्यावर नुसत्या बायाच होत्या, आणि गणवेशातला माणूस खड्ड्यात उतरलेला पाहून त्या इतक्या हसल्या, की एकीच्या खड्ड्याची बाजू ढासळली. त्यानं खाली मान घालून घागर भरली. दुसऱ्या दिवशी तो गणवेश काढून गेला. तरी हसल्या.

"देऊन टाका ना ती चेअरमनला," बायको रात्रीचं ताट वाढताना म्हणाली. चिडून नाही, थकून. "साहेबही सुटतील, तुम्हीही सुटाल. माझी कंबर सुटेल."

हवालदारानं भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, "त्याची असेल तर देईन. तिची असेल तर तिला देईन. कुणाची ते कळल्याशिवाय या दारातून हलणार नाही."

"कोण? म्हैस का तुम्ही?"

"दोघंही."

बायकोनं कपाळाला हात लावला. पण दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत ती नदीवर होती. तिचा नवरा मूर्ख आहे हे ती लग्नापासून जाणून होती. इतका ठाम मूर्ख आहे, हे तिला या उन्हाळ्यातच कळत होतं, आणि त्यात तिला थोडा अभिमानही वाटू लागला होता. तो ती बोलून दाखवत नव्हती.

*

मग म्हैस आटली. लव्हाळा आणि पाला खाऊन ती दूध देणार तरी किती दिवस. आधी किटलीचा तळ झाकेना, मग डब्याचा. एका सकाळी काहीच निघालं नाही. गडी रिकामी किटली वाजवत गेला आणि परत आला नाही. दुपारी चेअरमनचा निरोप आला, की आमच्या गोठ्यातल्या म्हशींची नीट मोजदाद केली, सगळ्या जागेवर आहेत, गड्याचा घोटाळा झाला, येत्या तारखेला अर्ज मागं घेतो. हवालदाराच्या तसदीबद्दल दिलगिरी.

शिवणवाली मात्र त्या सकाळी डबा खाली ठेवून तिथंच बसली. हवालदाराची बायको म्हशीच्या पुढ्यात पाण्याची बादली ठेवत होती.

"वहिनी, हात लावू का तिला?"

"लाव की. आता कसला पुरावा."

शिवणवाली पुढं झाली. तिनं डाव्या शिंगाच्या मुळाशी, कानामागं, दोन बोटांनी खाजवलं. म्हशीनं पाण्यातून तोंड काढलं. इतके दिवस दूध, हंबरणं आणि लाथा यांखेरीज काही न दिलेली ती म्हैस हळूहळू पुढं सरकली, मान खाली घातली आणि अख्खं डोकं त्या बाईच्या खांद्यावर टाकून डोळे मिटून उभी राहिली.

हवालदार दाढी करत होता. वस्तरा गालावरच राहिला.

"ही तर तुझी आहे."

"पहिल्याच दिवशी सांगत होते. हाकेला ती कधीच येत नाही, बहिरटच आहे जरा. तिला हात कळतो. तुम्ही हात लावू दिला नाहीत."

हवालदार गालावरच्या फेसासकट खाली बसला. सगळा उन्हाळा त्याच्या डोळ्यांसमोरून गेला, भाऱ्यांसकट.

"बरं झालं," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे चेअरमन हटला, मालक ठरला. येत्या तारखेला सांगतो, आणि म्हैस घरी घेऊन जा."

शिवणवालीनं म्हशीचं डोकं खांद्यावरून काढलं नाही. "तेच नको आहे, दादा. मी पण अर्ज मागं घेणार आहे. माझी नाही म्हणून सांगणार आहे."

"काय?"

"घरी नेऊन घालू काय? कापडाच्या चिंध्या? माझ्याकडं चारा नाही, आणि मशीन सोडून नदीवर बसले तर मीच उपाशी. म्हणून तर दावं तुटलं तरी दोन दिवस शोधायला गेले नव्हते. वाटलं, कुठंतरी जगेल. चेअरमनच्या कळपात दिसली आणि राहवलं नाही." तिनं म्हशीच्या कपाळावरून हात फिरवला. "दूध घेतलं तुमच्याकडून, खोटं कशाला बोलू. त्यावर उन्हाळा काढला मी. पण आता नेली, तर पावसाआधी मरेल ती माझ्या दारात. इथं निदान..."

हवालदाराच्या बायकोनं बादली उचलली, पाहिली, आणि पुन्हा नदीकडं चालू लागली.

*

"खरं ते खरं," हवालदार त्या दिवशी जेवताना म्हणत होता. "मालकी निष्पन्न झाली. मी शपथेवर दुसरं काही सांगू शकत नाही."

"सांगा. म्हणजे कोर्ट तिच्या हातात दावं देईल. इतके दिवस मी ती जगवली, ती आठवड्यात मरेल."

"आणि शिवणवाली नाही म्हणाली तर लिलाव. या दुष्काळात आटलेली म्हैस कोण घेतो, ठाऊक आहे ना? वजनावर घेणारे."

"मग?"

"मग काय. एवढे दिवस मालक कळेना म्हणून अडलो होतो. आता कळला म्हणून अडलोय."

बायकोनं त्याच्या ताटात उरलेली भाकरी टाकली. "तुमच्या खात्यात असं काही नसतं का, की काम झालेलं आहे पण झालेलं नाही?"

हवालदारानं घास तसाच धरून तिच्याकडं पाहिलं. त्याच्या खात्यात फक्त तेच असायचं.

तो पानावरून उठला तो थेट शिवणवालीच्या घरी गेला. मशीन थांबवायला लावून म्हणाला, "अर्ज मागं घ्यायचा नाही. कोर्टात फक्त सांगायचं, म्हैस माझी आहे. ते खरं आहे. बाकी मी बघतो. आणि पोटाबिटाचं नाटक करायचं नाही या खेपेला."

"दादा, घरी न्यावी लागेल हो."

"तपास माझा आहे. तो केव्हा संपला ते मी सांगेन."

*

कोर्टात न्यायाधीशांना घाई होती. उन्हाळ्याची सुट्टी दुसऱ्याच दिवसापासून लागत होती. चेअरमनच्या वकिलानं अर्ज मागं घेतला. शिवणवालीनं म्हैस माझी आहे असं सांगितलं, जमिनीकडं बघत.

"आता एकच दावेदार उरला," न्यायाधीश म्हणाले. "मग प्रश्न कुठं आहे? देऊन टाका या बाईला. काय हवालदार?"

साहेब मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी मान डोलावली. हवालदार उभा राहिला. गुडघ्यावरचा डाग हातानं झाकता येतो का ते त्यानं पाहिलं. येत नव्हता.

"साहेब, तपास चालू आहे."

"कसला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"एक दावेदार मागं हटला, म्हणजे दुसरा खरा असं सिद्ध होत नाही. तिसरा मालक निघू शकतो. आजूबाजूच्या गावांत चौकशी करावी लागेल. जनावरं फार मोकळी सुटली आहेत या वर्षी."

कोर्टात कुणीतरी हसलं. साहेबांनी डोळे मिटले.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "हवालदार, एका म्हशीचा तपास तुम्ही सबंध उन्हाळा करताय. तोवर सांभाळतंय कोण तिला?"

"मी, साहेब. म्हणजे माझी बायको."

"तिची हरकत नाही?"

"आहे, साहेब."

न्यायाधीश त्याच्याकडं बघत राहिले. मग शिवणवालीकडं पाहिलं, ती अजून जमिनीकडंच बघत होती. तिच्या मनगटांची हाडं नीट दिसत होती. मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, जिथं हिरवं असं काहीच नव्हतं. त्यांना काय कळलं आणि काय नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं नाही. तो चेहरा त्यांनी बऱ्याच वर्षांच्या नोकरीत कमावला होता.

"ठीक आहे. तपास नीट करा. सुट्टीनंतरची तारीख."

बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "तिसरा मालक?"

"शक्यता आहे साहेब."

"तुमच्या अखत्यारीत बसतं म्हणून असं करायचं?"

"दुसरीकडं कुठं बसतच नव्हतं, साहेब."

*

सुट्टीचे ते दिवस सगळ्यांत वाईट गेले. वाळूतले खड्डे कमरेवरून खांद्यापर्यंत खोल झाले. आता नवरा-बायको दोघं जायची. तो आत उतरून वाटीनं भरायचा, ती वरून दोरीनं घागर ओढायची. बाया हसायच्या बंद झाल्या होत्या. हसायला तोंडात ओल लागते. लव्हाळा संपला, मग हवालदारानं चौकीच्या छपराचं जुनं गवत काढून म्हशीला घातलं आणि वर पत्रा टाकला. चौकी भट्टीसारखी तापू लागली. शिवणवाली संध्याकाळी मशीन झाकून यायची, शेण काढायची, म्हशीच्या कानामागं खाजवायची, आणि हवालदाराच्या बायकोची कंबर चोळून द्यायची. दोघी एकमेकींशी फार बोलत नसत. म्हशीच्या बरगड्या मोजता येत होत्या, पण रोज सकाळी ती उठून उभी राहायची.

आजूबाजूच्या गावांत हवालदारानं चौकशी केली, तोंडी का होईना. म्हैस हरवली आहे का कुणाची? लोक म्हणायचे, हरवलेली नाही, घालवलेली आहे. तुम्हाला हवी का एक?

पाऊस उशिरा आला, पण आला. पंधरवड्यात नदीकाठ पोपटी झाला. सुट्टीनंतरच्या तारखेला हवालदारानं कोर्टात सांगितलं, की तपास पूर्ण झाला असून मालकी या बाईचीच असल्याचं निष्पन्न झालं आहे. न्यायाधीशांनी, तिसरा मालक निघाला नाही का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर सही केली.

शिवणवाली म्हैस घेऊन गेली. जाताना म्हैस एकदा थांबली, तेव्हा हवालदाराच्या बायकोला वाटलं की मागं वळून बघेल. ती मुतली आणि पुढं गेली.

त्या वर्षीच्या तपासणीत वरिष्ठांनी चौकीबद्दल एकच शेरा लिहिला: आवारात शेण आढळले, संबंधित हवालदारास समज देण्यात यावी.